जाईला सकाळी पाणी घालावे

ये गं, अशी जवळ ये. कागदावरच बोलावते आहे, कारण प्रत्यक्षात तू येतेस कुठे? कस्तुरबा गांधी मार्गावरच्या तुझ्या ऑफिसातून गाझियाबादला यायला मेट्रोने तास-सव्वा तास लागतो. मी काही विलायतेत राहत नाही. पण तुमचं सगळं फोनवर. ‘आत्याआजी, जेवलीस का’, ‘आत्याआजी, गुडघा कसा आहे’, आणि मी एका बोटाने उत्तर टाइप करेपर्यंत तू दुसऱ्याच कुणाशी बोलत असतेस. अच्छा, असू दे. रागावण्यासाठी नाही बोलावलं. थोडं रागावण्यासाठी बोलावलं आहे.

परवा तू मराठी मंडळाच्या रविवारच्या वर्गाचा कागद पाठवलास. दिल्लीत वाढलेल्या मराठी मुलांना तू कविता शिकवतेस, हे चांगलंच करतेस. त्या पोरांना उंबरठा म्हणजे काय, सूप म्हणजे काय, इथपासून सांगावं लागतं. कागदावर मथळा होता, ‘कवितेतली अलंकारिक भाषा’. खाली उपमा कशाला म्हणायचं, रूपक कशाला म्हणायचं. ‘सारखा’, ‘जसा’ आला की उपमा, वगैरे. मग शेवटी उदाहरणाला ही ओवी:

दिल्लीच्या गं शहरात, डब्यामधी लावली जाई,
झाकण गं घातलं वर, ऊन तिला ठावं नाही.

आणि खाली तू लिहिलं होतंस: ‘पारंपरिक ओवी, आजोबांच्या वहीतून. निसर्गवर्णन. प्रश्न: कवयित्रीला झाडांविषयी वाटणारे प्रेम तीन वाक्यांत लिहा.’ वर मला म्हणालीस, ‘आत्याआजी, चेक कर ना प्लीज.’

केलं चेक. पोरी, ती ओवी पारंपरिक नाही. ती माझी आहे. आणि तिच्यात झाड नाही.

आता सगळं सांगते. तुझे आजोबा म्हणजे माझा दादा यात आहे, आणि तो तुझा फार लाडका होता हे मला ठाऊक आहे. तरी सांगणार. तो गेला, आई गेली, हे गेले. आता कुणाची लाज राखायची?

माझ्या आईला अक्षर येत नव्हतं, पण गाण्यातलं तिला जे कळायचं ते तुमच्या प्राध्यापकांना कळायचं नाही. आमच्या शेजारच्या घरात एक सून होती. ती पहाटे दळताना गायची, भिंत मधे एकच, सगळं ऐकू यायचं. एकदा तिनं म्हटलं की माझ्या दारच्या लिंबाला दुपारचं पाणी मिळत नाही, पानं खाली बघतात, असं काहीसं. मी आईला म्हटलं, ‘हिच्या दारात लिंब कुठंय? हिच्या दारात तर नुसता उकिरडा.’ आई हसली नाही. त्या दुपारी ती आमची चाळणी मागायला म्हणून तिकडे गेली. चाळणी आमच्याच घरात होती, खुंटीला. पदराखाली दोन भाकरी आणि चटणी घेऊन गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. मग रोज काही ना काही मागायला जाऊ लागली.

मी विचारलं तेव्हा म्हणाली, ‘गाण्यातलं झाड कधी झाड नसतं, पोरी. ती बाई असते.’

‘आणि तिच्या सासूनं ऐकलं तर?’

‘तर मग ते झाडच असतं.’

माझी सगळी शाळा एवढीच. चौथीपर्यंत पाटीवर लिहिलं ते वेगळं.

लग्न होऊन दिल्लीला आले ती आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात. खालचा मजला, दोन खोल्या, समोर बाभळीचं रान, आणि रात्री कोल्हे ओरडायचे म्हटलं तर आज तुला खोटं वाटेल. हे केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून. पहिल्या सोमवारी साडेनऊला डबा घेऊन निघाले, दार ओढून घेतलं, आणि मला बाहेरून खाट् असा आवाज आला. मला वाटलं कडी बसली. दुपारी खिडकीतून वाकून पाहते तर कुलूप. पितळेचं, माझ्या मुठीएवढं.

संध्याकाळी विचारलं. म्हणाले, ‘ही दिल्ली आहे. तुझं गाव नाही. बाहेर कोण कसा असेल सांगता येत नाही.’

‘पण काही लागलं तर?’

‘काय लागणार आहे? पाणी आत, संडास आत, राशन आत. तुला लागतं काय?’

हे मारायचे नाहीत. लोक पहिल्यांदा तेच विचारतात म्हणून सांगून टाकते. हात कधी लावला नाही, दारू नाही, बाई नाही. पगार झाला की साडीसुद्धा आणायचे, माझ्यासाठी रंग स्वतः निवडून. म्हणून तर सांगायला तोंड नव्हतं. मार खाल्लेल्या बाईचं दुःख लोकांना दिसतं तरी. मी कुणाला काय दाखवणार होते? किल्ली? ती तर कचेरीत, यांच्या खिशात.

सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा. कधी हे कचेरीतून परस्पर मंडळाच्या नाटकाच्या तालमीला जायचे, तेव्हा आठ. यांचं काम विनोदी असायचं, सगळी मंडळी पोट धरून हसायची. मी नाटक पाहिलं तेव्हा मीसुद्धा हसले होते. खोटं कशाला बोलू?

तीन महिने झाले आणि मी ठरवलं, आईला कळवायचं. तुम्हाला वाटेल, त्यात काय, लिहायचं पत्र. पण तेव्हा घरातून पत्र जायचं म्हणजे ते घराचं पत्र असायचं. निळं इनलँड. मी माझं लिहायचं, खाली चार बोटं जागा सोडायची, तिथे जावई आपले साष्टांग नमस्कार लिहिणार, मग तेच चिकटवणार, तेच पेटीत टाकणार. चार बोटं जागा सोडली नाही तर माहेरी काळजी करतात, जावई रागावले की काय म्हणून. आणि तिकडे आईला अक्षर येत नाही, दादा शाळामास्तर, तो ओसरीवर बसून मोठ्याने वाचणार, शेजारपाजारच्या चार बाया ऐकायला. म्हणजे या टोकाला एक वाचणारा आणि त्या टोकाला चार ऐकणारे. मधे सरळ वाक्य जाणार कुठून?

म्हणून गाणं केलं. दोन दिवस भांडी घासताना जुळवत होते. जाई, कारण आई मला लहानपणी जाई म्हणायची. ते माहेरी सगळ्यांना ठाऊक, यांना नाही. तुपाचा रिकामा डबा, कारण तो ओट्यावर समोरच होता. आणि झाकण.

यांनी वाचलं. ‘काय गं, आपल्याकडे जाई कुठाय?’

‘गाणं आहे ते. आईला आवडतं.’

‘बायकांना दुसरा उद्योग नाही,’ म्हणाले आणि खाली लिहिलं: सर्व कुशल आहे, चि. सौ. मजेत आहे, काळजी नसावी.

खरं सांगू, मला थोडा गर्व वाटला. समोर बसून वाचलं आणि कळलं नाही! मला वाटलं, आईला पहिल्या ओळीलाच कळेल. पंधरा दिवसांत दादा येईल न्यायला. आजारपणाचं, कुणाच्या लग्नाचं काहीतरी निमित्त करून. मी ट्रंकेत दोन लुगडी वरती काढून ठेवली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दादाचं वळणदार अक्षर. सगळी खुशाली, गाय व्याली, धाकटी बहीण आता चांगली भाकरी थापते, आणि मग: ‘आई सांगते की जाईला सकाळी पाणी घालावे. झाकण एकदम काढू नये, कोवळी वेल उन्हाने भाजते. जपून, हळूहळू सवय करावी.’

मी ते तीनदा वाचलं. हसू आलं आधी. मग ट्रंक बंद केली.

यांनीही वाचलं ना, त्यांनी तर चेष्टाच मांडली. ‘लाव आता जाई, सासूबाईंचा हुकूम आहे.’

मला वाटलं, दादानं नीट वाचून दाखवलं नसेल. मास्तर लोक कविता वाचतात ती हजेरी घेतल्यासारखी. आईच्या कानाला चाल लागलीच नसेल. म्हणून दुसऱ्या पत्रात आणखी स्पष्ट लिहिलं:

जाईला गं फुटेना कळी, पाणी घालू किती बाई,
माहेरच्या मातीवाचून तिला उतारा नाही.

आता यापेक्षा काय उघडं लिहायचं? बोल ना तू. तू वर्ग घेतेस.

यावेळी पत्राचं उत्तर माणसाच्या हाती आलं. आमच्या गावचा एक जवान दिल्ली कँटोन्मेंटला होता. सुट्टीवरून परतताना आईनं त्याच्याबरोबर गाठोडं दिलं होतं. तो बिचारा बस बदलत बदलत घर शोधत आला, तो नेमका मंगळवारी दुपारी. मी खिडकीशी. तो गाठोडं घेऊन दारासमोर उभा, कुलपाकडे बघतो आहे.

‘आक्का, घरात हाय का?’

‘इकडे ये, खिडकीकडे. यांच्याकडे किल्ली राहिली चुकून.’

तो आला. गजातून माझ्याकडे बघितलं. फौजी माणूस, पहारा त्याला काय सांगायचा? म्हणाला, ‘आक्का, चुकून कुलूप बाहेरून लागतंय व्हय?’

मी हात पुढे केला. गाठोडं गजातून येईना. मग त्यानं तिथेच खाली बसून ते सोडलं आणि एकेक लाडू गजातून माझ्या हातात दिला. डिंकाचे लाडू, एकवीस होते. एकेक देताना तो ‘हं’ म्हणायचा आणि मी ‘हं’ म्हणून घ्यायची. शेवटी एक पुरचुंडी. तिच्यात निंबोळीची पेंड, झाडाला घालायची. आणि घडी केलेली चिठ्ठी, दादाच्या हातची: ‘वेलीला वाळवी लागू नये म्हणून पेंड पाठवली आहे. मुळे धरलेली वेल उपटू नये. उपटलेली वेल इकडच्या मातीतही जगत नाही, आणि शेजारच्या वेलीलाही धक्का बसतो. पाणी घालत जावे.’

नसलेल्या झाडाला खत! पेंड घेऊन मी ओट्याशी बसले आणि मला आईचा असा राग आला, असा राग आला की लाडू तसेच पडून राहिले, त्यांना मुंग्या लागल्या. मनात म्हटलं, म्हातारी झाली. शेजारणीच्या लिंबाचं कळत होतं तिला, पोटच्या पोरीची जाई कळत नाही. त्यानंतर मी पत्रात गाणं लिहिलं नाही. खुशाली लिहायची, चार बोटं जागा सोडायची.

कुलूप दीड वर्ष होतं. ते कसं निघालं तेही ऐक. वरच्या मजल्यावर मद्रासकडची एक बाई राहायला आली. तिला हिंदीचे सोळा शब्द येत होते, मला वीस असतील. एक दिवस खाली कपडे वाळत घालायला आली आणि खिडकीशी थांबली.

‘तुम अंदर. ताला बाहर. क्यों?’

मला हिंदीत आडून बोलता येत नव्हतं गं. तेवढे शब्दच नव्हते. म्हटलं, ‘साहब को डर.’

‘किसका डर? चोर का?’

‘मेरा.’

ती आधी हसली. मग तिचं हसू गेलं. तिनं कुलूप हातात धरून खालीवर हलवून पाहिलं, दुकानात वस्तू पाहावी तसं. ‘हमारा साहब, तुम्हारा साहब का बड़ा साहब,’ म्हणाली. ‘मैं बोलेगी.’

आणि बोलली. दोन दिवसांनी किल्ली आतल्या खिळ्याला लटकत होती. यांनी महिनाभर माझ्याशी अबोला धरला. मला कसला आनंद होणार होता? कुलूप माझ्यासाठी निघालं नव्हतं, यांच्या बढतीसाठी निघालं होतं. पुढे चाळीस वर्षं संसार केला. बाहेर जायचे तेव्हा ‘कुठे चाललीस’ हे विचारणं कधी थांबलं नाही, आणि घरी आल्यावर घड्याळाकडे बघणं थांबलं नाही. पण दार उघडं होतं. त्या दारातून मी मंडळाच्या कपाटातली पुस्तकं आणली, वाचायची गोडी लागली. उपमा, रूपक ही नावं मला कळली तेव्हा मी पन्नाशीला आले होते. तोवर नाव न घेताच वापरत होते.

धाकटीच्या लग्नाला आम्ही दोघं गावी गेलो. आई परातीत पीठ मळत होती, मी शेजारी पाट घेऊन बसले. ती मान वर न करता म्हणाली, ‘तुझी जाई कशी आहे?’

मला इतकी चीड आली. ‘वाळली,’ म्हटलं. ‘दिल्लीच्या उन्हात काय टिकतंय?’

तिचे हात पिठात थांबले. मग म्हणाली, ‘बरं. दुसरी लाव,’ आणि पाणी घ्यायला उठून गेली. मला वाटलं, बघा, अजून झाडच धरून बसली आहे.

मंडळाच्या एका हळदीकुंकवाला प्रत्येकीनं काहीतरी म्हणायचं होतं, तेव्हा मी ती पहिली ओवी म्हटली. टाळ्या पडल्या. एक शिकलेल्या बाई डायरीत उतरवून घेत म्हणाल्या, ‘काय प्रतिमा आहे! आपल्या जुन्या बायकांची कल्पनाशक्ती बघा.’ दुसरी म्हणाली, ‘वाह, क्या बात है, आणखी एक म्हणा ना.’ मी तिळगूळ घेतला आणि घरी आले. दिल्लीतल्या बंद डब्यातल्या वेलीवर जुन्या काळी ओवी कुणी केली असेल, एवढाही विचार कुणाच्या मनात आला नाही. तुझ्याही नाही आला. पण तुला मी दोष देत नाही, जरा वेळाने देईन.

आई गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी दादा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला इकडे आला. तोवर आम्ही गाझियाबादच्या या फ्लॅटमध्ये आलो होतो. थंडीचे दिवस, बाल्कनीत ऊन होतं, मी मटार सोलत होते आणि दादा डोळ्याला हिरवी पट्टी लावून बसला होता. हे आत झोपले होते. दादा सहज म्हणाला, ‘तुझ्या त्या पत्रांतल्या ओव्या मी वहीत उतरवून ठेवल्या आहेत बरं का. छान होत्या. जाईच्या.’

मी म्हटलं, ‘छान होत्या तर आईला नीट चालीवर म्हणून दाखवायच्या होत्यास. तिला कळल्याच नाहीत.’

त्यानं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, ‘कोण म्हणतं कळल्या नाहीत?’

‘पाणी घाला म्हणाली ना!’

‘अगं बाई,’ दादा म्हणाला, ‘पहिली ओळ वाचली आणि तिनं हात वर करून मला थांबवलं. ओसरीवरच्या बाया गेल्यावर पुन्हा वाचायला लावली. रडली वगैरे नाही. म्हणाली, झाकण घातलंय पोरीवर. मी म्हटलं, जाऊ का घेऊन यायला? तर म्हणाली, नाही. तिनं झाडाचं लिहिलंय, तू झाडाचंच उत्तर लिही.’

माझ्या मांडीवरचे मटार खाली सांडले. वेचावेसे वाटले नाहीत.

‘आणि तो जवान? त्यानं काही सांगितलं नाही?’

‘सांगितलं की. पुढच्या सुट्टीत आला, ओसरीवर बसून सगळं सांगितलं. कुलूप, गज, लाडू. आई उठून मागच्या परड्यात गेली आणि शेणी थापत बसली. मला म्हणाली, त्याला सांग, कुठे बोलू नको. धाकटीची सोयरीक ठरते आहे. थोरली परत आली असं झालं तर धाकटीला कोण करील?’

‘आणि पेंड? नसलेल्या झाडाला पेंड कशाला धाडली?’

‘मीही विचारलं होतं. म्हणाली, धाडायला दुसरं काय आहे माझ्याजवळ?’

मी म्हटलं, ‘दादा, पत्र तर तुझ्या हातात होतं. लेखणी तुझी होती. आईला अक्षर येत नव्हतं. खाली एक ओळ तू तुझी घातली असतीस तर तिला कळलंही नसतं.’

‘मी लिहिणारा,’ दादा म्हणाला. ‘सांगणारी ती.’

‘आणि जवळ बसून लिहून घेणारा, छान छान म्हणून वहीत उतरवणारा, तो कोण?’

तो पट्टी नीट करत राहिला. दर चार तासांनी त्याच्या डोळ्यात औषध मीच घालत होते, त्या संध्याकाळीही घातलं. डोकं मांडीवर घेऊन, पापणी वर उचलून. तो म्हणाला, ‘रागावलीस?’ मी म्हटलं, ‘हलू नकोस, थेंब गालावर जाईल.’

दादा गावी गेल्यावर मी आईची पत्रं काढली. वीस-पंचवीस होती. आणि त्या दिवशी मी वाचायला शिकले म्हण. झाकण एकदम काढू नये, म्हणजे भांडू नकोस. हळूहळू सवय करावी. कुणाला सवय, ते आता सांगायला नको. उपटलेली वेल इकडच्या मातीत जगत नाही, म्हणजे येऊ नकोस, इथं जागा नाही. शेजारच्या वेलीला धक्का बसतो, म्हणजे धाकटी. सगळं लिहिलेलं होतं गं, जसंच्या तसं. दीड वर्ष ती माझ्याशी बोलत होती आणि मी तिला वेडी म्हातारी समजत होते.

मला का नाही कळलं? मी जिची शिकवण घेऊन आले तिचंच बोलणं? मी किती दिवस यावर डोकं फोडलं. एक कारण म्हणजे ते गाण्यात नव्हतं, दादाच्या मास्तरी गद्यात होतं, आणि मला वाटायचं आडून बोलणं फक्त गाण्यात असतं. पण ते वरवरचं कारण. खरं हे की मला ते कळून घ्यायचं नव्हतं. आईला कळलं नाही, असं असेल तर आई माझीच राहते. बिचारी, अडाणी, पण माझी. तिला कळलं आणि तरी तिनं पाणी घाल म्हटलं, असं असेल तर मग माझं कोण? म्हणून मी झाडाचं झाडच ठेवलं, आईसारखंच.

तुम्ही शिकवता की कवितेत सरळ न सांगता सुचवलं की ते सुंदर होतं. असेल. पण त्या सुचवण्याचा फायदा बोलणारीला जेवढा, त्याहून जास्त ऐकणाऱ्याला, हे कुठल्या पुस्तकात नाही. सरळ ‘मला कोंडून ठेवलंय, मला न्या’ असं म्हटलं असतं तर आईला ‘नाही’ म्हणावं लागलं असतं. तोंडानं. ओसरीवर, चारचौघींत. गाण्यानं तिची त्यातून सुटका केली. तिला एकदाही नाही म्हणावं लागलं नाही. माझ्या मद्रासी शेजारणीजवळ सोळा शब्द होते, तिला सुटका नव्हती, तिला कुलूप दिसलं तर कुलूपच म्हणावं लागलं.

आईला माफ केलं का, असं तू विचारशील. तुमच्या पिढीला माफ करायची फार घाई असते. नाही केलं. दोन भाकरी पदराखाली घेऊन ती शेजारणीकडे जात होती, ते मला दिसतं, आणि म्हणून नाही केलं. तिला जमत नव्हतं असं असतं तर केलं असतं. तिचीही अडचण मला समजते. दोन मुली, नवरा नाही, गावाचं तोंड. समजतं सगळं. समजणं आणि माफ करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धाकटीचं लग्न चांगलं झालं, ती सुखात राहिली. ती भेटते तेव्हा मला तिचा राग येत नाही. येत नाही असं मी म्हणते.

तुझ्या कागदाचं काय करायचं ते तू ठरव. माझी ओवी मुलांना द्यायची तर दे, पण खालचा प्रश्न खोड. झाडांविषयीचं प्रेम वगैरे नको. त्यांना विचार, ही कुणी कुणाला पाठवली असेल आणि तिला काय हवं असेल. बरोबर उत्तर आलं नाही तरी चालेल, पण विचारायची सवय लागू दे. आणि ‘पारंपरिक’ हा शब्द काढ. परंपरेनं माझ्यासाठी काही केलं नाही, ही ओवी तिच्या नावावर का जावी?

आता बाकीचं. गेल्या महिन्यात तू फोनवर म्हणालीस, ‘सब ठीक है आत्याआजी, बस थोडी थकले आहे.’ मी म्हटलं, झोप घेत जा, दूध पीत जा. फोन ठेवल्यावर मी आईची पत्रं पुन्हा काढली. तू खरोखर नुसती थकली असशील. कदाचित असशीलही. पण मी फोनवर न विचारता तुला दूध पी म्हणाले, आणि मला माझाच आवाज आवडला नाही. म्हणून हे एवढं लांब लिहिलं.

तेव्हा सरळ सांगते, मधे काही न ठेवता. मला तुला बघायचं आहे. तुला काही सांगायचं असेल तर ऐकायचं आहे. नसेल तर नुसतं जेवून जा. काही झालं, कसंही झालं, तर सामान घेऊन ये, कारण विचारणार नाही, किती दिवस तेही विचारणार नाही. मागची खोली रिकामी आहे. रविवारी तुझा वर्ग असतो, म्हणजे शनिवारी निघ. लिफ्ट बंद आहे, तीन मजले चढावे लागतील, मधे एकदा बस. येताना काही आणू नकोस. पण ये, पोरी. या शनिवारी नाही जमलं तर पुढच्या. त्याच्यापुढे ढकलू नकोस.